पाव इंच माया

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो नायगाऱ्याचा. "नायगारा पाहिलात ना?" मी "नाही" म्हणते तेव्हा समोरच्याचा चेहरा एवढासा होतो. मग केवळ रीत म्हणून दुसरा प्रश्न येतो, "मग पाहिलेत तरी काय?" त्यावर मी "पडूका" असे सांगते. ते कुठे आले, हे विचारण्याची तसदी आजवर एकानेही घेतलेली नाही. दिवाळी अंकाचे वाचक अधिक सोशिक असतात, या भरवशावर येथे सांगते.

पडूका हे केंटकी राज्याच्या पश्चिम कडेला, टेनेसी नदी ओहायो नदीला मिळते त्या संगमावर वसलेले, सुमारे २७ हजार वस्तीचे गाव. माझे माहेर कऱ्हाडचे. कृष्णा-कोयनेच्या काठी वाढलेल्या मुलीला संगमावरच्या कुठल्याही गावाची ओढ वाटायचीच. पण मी तेथे गेले ती संगमासाठी नाही, गोधडीसाठी. या गावात गोधड्यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. दर एप्रिलमध्ये तेथे गोधड्यांचा मेळा भरतो आणि गावच्या वस्तीहून अधिक माणसे तेवढ्यासाठी लोटतात. पंढरीच्या मानाने ती काही मोठी वारी नव्हे. पण बोटात अंगुस्तान घातलेल्या बायकांची वारी म्हणून तिला जोड सापडणे कठीण. २०१३ मध्ये युनेस्कोनेही हस्तकला आणि लोककलांचे शहर म्हणून या गावाचे नाव आपल्या यादीत घातले.

आम्ही २०२३ च्या ऑगस्टमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी नॅशव्हिलला गेलो. बॅगेत डिंक, आळीव, बाळंतशोपा असा नेहमीचा सरंजाम होता आणि तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेली, सासूबाईंची चार लुगडी होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि मुठेचे पाणी पुण्यात शिरले, तेव्हा नारायण पेठेतल्या बिऱ्हाडातून सासूबाई एका काखेत धाकटे मूल आणि दुसऱ्या काखेत बोचके घेऊन बाहेर पडल्या होत्या. भांडीकुंडी, देव, ह्यांचे शाळेचे दप्तर, सारे गेले. बोचक्यात काय निघाले म्हणाल, तर ही चार सुती नऊवारी लुगडी. त्यांनी ती पुढे वर्षानुवर्षे नेसली. धुवून धुवून ती इतकी मऊ झाली की हातात घेतली तर सायीसारखी ओघळतात. सासूबाई गेल्या, लुगडी माझ्या कपाटात आली, आणि त्यांची गोधडी करायची हे मी पंचवीस वर्षे नुसते म्हणत राहिले.

म्हणता म्हणता हात गेले. अंगठ्याच्या सांध्यात कळ येते आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून डोळ्यांना दूरचे झाड दिसते, पण सुईचे नेढे दिसत नाही. लेकीच्या बाळासाठी मी योजली होती ती गोधडी लहानशीच, ३० इंच रुंद आणि ३६ इंच लांब. पण तिचे तुकडे होतात दीडशे. दीडशे तुकडे हाताने जोडायचे म्हणजे टाका बारीक हवा. ते दिवस सरले होते. उरले शिवणयंत्र.

यंत्राशी माझे जुने वैर. शाळेत शिवणाच्या तासाला पायमशीन होते. ते सुरू करताना चाक आपल्याकडे फिरवून द्यावे लागते. नाही तर उलटे फिरते आणि दोरा तुटतो. माझे नेहमी उलटेच फिरायचे. एकदा सुलटे फिरले तेव्हा सुई माझ्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली. त्यानंतर मी पन्नास वर्षे हाताने शिवत आले आणि त्या भीतीला तत्त्वाचे पांघरूण घातले. "यंत्रावर केलेली ती गोधडी कसली? ती चादर!" असे मी चारचौघींत ठणकावून सांगत असे. ऐकणाऱ्या बायका माना डोलवीत. भित्र्या माणसाला तत्त्वनिष्ठ म्हणवून घेणे किती सोपे असते!

लेकीच्या घरी विजेवर चालणारे यंत्र होते. पहिल्या दिवशी मी पायाखालच्या कळीवर जरा भार दिला मात्र, ते असे काही सुटले की मी कापड टाकून हात वर केले. सासूबाईंच्या लुगड्यांना कात्री लावायचे धाडस नव्हते, म्हणून जुन्या अभ्र्याचे अडीच इंची नऊ चौकोन कापून तीन-तीन जोडून पाहिले. असा नऊखणी चौकोन सगळीकडून साडेसहा इंच भरायला हवा. माझा एका बाजूने सहा, दुसऱ्या बाजूने सव्वासहा आणि मध्ये पोट सुटलेला असा निघाला. हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "शेपूट लावलीस तर उडेल." दुसरा चौकोन त्याहून वाईट झाला. बाळ यायला दोन महिने होते. मी लुगडी पुन्हा चादरीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातली.

लेकीने ते पाहिले असावे. चार दिवसांनी ती म्हणाली, "आई, पडूका इथून दोन तासांवर आहे. तिथे नवशिक्यांसाठी एका दिवसाचा वर्ग आहे, मी तुझं नाव घातलंय. पैसे भरून झालेत, आता नाही म्हणू नकोस." पैसे भरून झालेत, या वाक्यापुढे आमच्या पिढीचे काही चालत नाही, हे तिला पक्के ठाऊक.

सप्टेंबरच्या अखेरीस एका शुक्रवारी जावयांनी गाडी काढली. वाट वायव्येला जाते. क्लार्क्सव्हिल ओलांडून केंटकीत शिरलो आणि काही अंतरावर मी एकदम ओरडले, "अहो, आग!" शेतातल्या एका उंच काळपट लाकडी कोठाराच्या फटीफटींतून धूर निघत होता. जावयांनी गाडीचा वेगही कमी केला नाही. ती तंबाखूची कोठारे. पिकलेली पाने आत टांगून खाली लाकूड आणि भुसा दिवसेंदिवस धुमसत ठेवतात. त्या धुराने तंबाखू काळी आणि उग्र होते. सांगली-निपाणीकडच्या माणसाला तंबाखूचे कौतुक सांगायला नको, पण धुरी दिलेली कोठारे पाहायला साता समुद्रापलीकडे यावे लागले.

काही कोठारांच्या दर्शनी भिंतीवर मोठाले रंगीत चौकोन लावलेले दिसले. लाल-पिवळ्या त्रिकोणांचे, चांदण्यांचे. हे गोधडीचे नमुने. २००१ मध्ये ओहायो राज्यातल्या ॲडम्स काउंटीत डॉना सू ग्रोव्हज या बाईंनी आपल्या गोधड्या शिवणाऱ्या आईच्या सन्मानार्थ ही कल्पना काढली आणि ती शेजारच्या राज्यांत बघता बघता पसरली. आई हयात असताना तिच्या शिवणाची आठवण कोठारावर रंगवावी, हे मला फार आवडले. आपण बहुधा फोटोला हार घालायच्या वेळेपर्यंत थांबतो.

पुढे कंबरलंड आणि टेनेसी अशा दोन नद्या ओलांडल्या आणि पडूका आले. गावात शिरताच हे नदीकडे चालू लागले. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलेल्या माणसाला नदीचा वास आधी येतो. पण नदी दिसेना. गाव आणि नदी यांच्यामध्ये काँक्रीटची उंच भिंत उभी. १९३७ च्या जानेवारीत ओहायोला महापूर आला, २ फेब्रुवारीला पाण्याची पातळी ६०.८ फुटांवर गेली आणि सारे गाव उठवावे लागले. त्यानंतर ही पूरभिंत बांधली. तिच्या आतल्या अंगावर रॉबर्ट डॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावचा इतिहास भल्यामोठ्या चित्रांत रंगवला आहे. पुराचेही चित्र आहे. त्यापुढे हे बराच वेळ उभे होते. पानशेतचे पाणी आले तेव्हा हे सात वर्षांचे. मी जवळ गेले तर म्हणाले, "आमच्या गल्लीत नावा नव्हत्या. दोर होते." तेवढेच. मग भिंतीच्या दारातून पलीकडे जाऊन आम्ही संगम पाहिला. कऱ्हाडला दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात. येथे टेनेसी कडेने येऊन मुकाट्याने ओहायोत शिरते. कोळशाचे पडाव ढकलणारी एक बुटकी बोट जात होती. ह्यांना तेथेच सोडून आम्ही मायलेकी संग्रहालयात गेलो.

बिल आणि मेरेडिथ श्रोडर हे पडूकाचे दांपत्य. त्यांनी १९८४ मध्ये अमेरिकन क्विल्टर्स सोसायटी काढली आणि १९९१ मध्ये हे संग्रहालय उघडले. आत दिवे मंद, कारण प्रकाशाने कापडाचे रंग उडतात. भिंतीवर चित्रे लावावीत तशा गोधड्या टांगलेल्या. एकीपुढे मी चष्मा सारखा करून उभी राहिले. कापडाच्या पट्ट्या भिवईच्या केसाइतक्या बारीक, आणि त्यांची टोके जेथे मिळायची तेथे बरोबर मिळालेली. हात लावायची सोय नाही. पण पांढरे हातमोजे घातलेल्या एका वृद्ध स्वयंसेविकेने माझी तगमग ओळखली आणि कडेचा कोपरा उचलून मागची बाजू दाखवली. गोधडीची परीक्षा मागून करायची, हे मी सासूबाईंकडून ऐकले होते. मी विचारले, "हाताची की यंत्राची?" ती हसली आणि म्हणाली, "या गावात हा प्रश्न जरा जपून विचारायचा हं."

मग तिने जी हकीकत सांगितली ती अशी. गोधडीची कामे दोन. आधी तुकडे एकमेकांना जोडायचे, म्हणजे वरचा पदर तयार होतो. मग वरचा पदर, मधला थर आणि अस्तर अशा तिन्हींतून टाके घालून ते एकत्र टाचायचे. पहिले काम अमेरिकन बायका यंत्रावर फार पूर्वीपासून करीत आल्या आहेत. एलियस हौ याने १८४६ मध्ये आणि सिंगरने १८५१ मध्ये यंत्राचे पेटंट घेतले; यंत्रे हप्त्याने मिळू लागली आणि घराघरांत गेली. यंत्र ही तेव्हा इतकी मिरवायची वस्तू होती की काही जणी मुद्दाम वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने टीप मारीत, पाहुण्यांना दिसावी म्हणून! पेनसिल्व्हेनियातले आमिश लोक घरात बाहेरची वीज घेत नाहीत, मोटारी ठेवत नाहीत. पण त्यांच्या बायका पायमशीनवर तुकडे जोडतात आणि टाचण मात्र हाताने घालतात. खरा वाद झाला तो टाचण्यावरून. १९८९ मध्ये पडूकाच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांच्या सूर्यग्रहणाच्या गोधडीला, 'कोरोना टू' हिला, पहिले बक्षीस मिळाले. ती टाचलेलीही यंत्रावरच. यंत्रावर टाचलेल्या गोधडीला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्यावरून पुष्कळ वादंग माजले. आज ती गोधडी या संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

मला आपली चारचौघींतली भाषणे आठवली. आमिश बाईने जे सोवळ्यात बसवले होते, ते मी पुण्यात बसून विटाळात काढले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग. एका कापडाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सहा यंत्रे मांडलेली. शिकणाऱ्या आम्ही पाच जणी, शिकवणाऱ्या बाई पंचाहत्तरीच्या. त्यांनी पहिला तास आम्हाला काही शिवूच दिले नाही. यंत्राच्या पाटावर, सुईपासून पाव इंचावर, कागदी चिकटपट्टीचे चार-पाच थर लावून एक छोटासा बांध केला. "कापडाची कड या बांधाला घासत जाऊ द्या, आणि नजर बांधावर ठेवा. सुईकडे पाहू नका. सुईला तिचे काम येते." पन्नास वर्षे मी सुईकडेच पाहत आले होते, नखातून गेलेली सुई माणूस विसरत नाही. बांधाकडे पाहायला लागले आणि खांदे आपोआप खाली आले. कापड ढकलायचे नाही आणि ओढायचेही नाही. खालचे दाते त्याला नेतात, आपण फक्त दिशा द्यायची.

आपले शिंपी शिवणीसाठी कडेला जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. गोधडीत ही माया पाव इंच, आणि खरे तर दोराभर कमीच, कारण शिवण उलगडली की घडीत थोडे कापड जाते. बाईंनी परीक्षा दिली ती साधी: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडा आणि मधली मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. माझी एक सूत कमी भरली. सुतारकामात एक सूत म्हणजे काहीच नाही असे मी म्हणणार होते. पण एका शिवणीत एक सूत गेले तर दहा शिवणींत सव्वा इंच जाते, हे त्यांनी फळ्यावर मांडून दाखवले. माझ्या अभ्र्याच्या चौकोनाला पोट का सुटले ते तेव्हा कळले. मला वाटत होते, माझा हात वाईट. हात वाईट नव्हता. मी दर शिवणीला सूतभर जास्त माया सोडत होते आणि तीही प्रत्येक वेळी निराळी. सहा वेळा उसवून सातव्यांदा मधली पट्टी एक इंच भरली. उसवायची छोटी आकडी बाईंनी प्रत्येकीच्या उजव्या हाताला ठेवली होती, कात्रीच्याही अलीकडे. उसवण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी तोंडाने एकदाही सांगितले नाही. स्वतःची एक शिवण आमच्यासमोर उसवली.

मग इस्त्री. आपण कपड्यावर इस्त्री फिरवतो. येथे फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची, नाही तर चौकोन ताणून वाकडा होतो. प्रत्येक शिवणीची माया गडद कापडाच्या बाजूला दुमडायची. नऊखणी चौकोनात गडद आणि फिके तुकडे आळीपाळीने येतात, त्यामुळे लगतच्या दोन ओळींतल्या शिवणी आपसूक उलट दिशांना वळतात आणि एकमेकींवर ठेवल्या की डब्याच्या झाकणासारख्या चपखल बसतात. डोळे मिटून नुसत्या बोटांनी जुळवता येते. माझ्या डोळ्यांना याहून मोठा दिलासा कोणता? दुपारी बाईंनी तुकडे ओळीने लावायला शिकवले. एक जोडी शिवून झाली की दोरा न तोडता लगेच दुसरी द्यायची. यंत्रामागून जोड्यांचे तोरण लोंबत बाहेर येते. पहिल्यांदा एक फुकटचे चिंधूक घालून सुरुवात केली की दोऱ्याचा गुंताही होत नाही.

शेवटी मी भीत भीत पिशवीतून लुगड्याचा एक काठाजवळचा तुकडा काढला. बाईंनी तो बोटांत चोळला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. इतके झिजलेले कापड दात्यांखाली गोळा होईल, तिरके ताणेल. "कापण्याआधी याला खळ द्यावी लागेल. कडक. तुम्हाला खळ करता येते का?"

तेवढ्या दिवसात मी प्रथमच मोठ्याने हसले. ह्यांच्या धोतरांना वर्षानुवर्षे भाताच्या पेजेची खळ दिलेली बाई मी! येताना गाडीत मी लेकीला पेज किती पातळ असावी, कापड सावलीत का वाळवावे आणि पुरते सुकण्याआधीच इस्त्री का करावी, हे नॅशव्हिल येईपर्यंत सांगत होते. ती केव्हा झोपली ते कळले नाही.

लुगड्याला कात्री लावायचा दिवस तरीही दोनदा पुढे ढकलला. तिसऱ्या सकाळी खळ दिलेले हिरवे लुगडे टेबलावर पसरले. ह्यांनी स्वतःहून पट्टी धरली. एरवी माझ्या शिवणकामात नाक न खुपसणाऱ्या माणसाने, "इथे काठ झिजलाय, हा भाग सोड," असे दोनदा सांगितले. पहिल्या तीन पट्ट्या जोडून मी मोजल्या. मधली दोन इंच यायची ती दोन इंचच आली.

रोज दोन नऊखणी चौकोन, असा हिशेब होता. असे चौकोन पंधरा आणि मध्ये घालायचे सलग चौकोन पंधरा. बाळ दहा दिवस आधी आले आणि हिशेब कोलमडला. तेव्हा वरचा पदर तयार होता, टाचण राहिले होते. मधला थर चौथ्या लुगड्याचा घातला. टाचण हाताने घातले, आपल्याकडे घालतात तसे, कडेपासून आत आत येत, मोठ्या धावदोऱ्याने. मोठा टाका अंगठ्याला सोसतो. बाळ झोपले की दिवसाला चार ओळी होत. लेकीचा सव्वा महिना झाला त्याच्या आदल्या रात्री शेवटचा टाका घातला.

नातवाने सकाळी साडेनऊच्या सुमारास तिचा यथासांग अभिषेक केला. लेक घाबरली, "आई, ही हाताने धुवायची का गं?" मी म्हटले, "घाल यंत्रात." पाऊण तास मी त्या गोल काचेसमोर खुर्ची टाकून बसले होते. बाहेर काढून आधी उलटी केली, अस्तर पाहिले. मग सुलटी करून एकेक जोड अंगठ्याने चाचपला. दीडशे तुकड्यांतला एकही सुटला नव्हता.